सक्करदऱ्यातली समुद्राची गाणी

नागपूरच्या माणसाला समुद्र माहीत नसतो आणि मुंबईच्या माणसाला नागपूर माहीत नसतं. यातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी भरपूर पत्रकं लिहिली. सायक्लोस्टाइलची शाई माझ्या नखांतून अजून गेलेली नाही. पहिलीबद्दल कधी लिहिलं नाही. ती आमच्या घरातली गोष्ट आहे आणि तिच्यात घोषणा द्यायला जागा फार कमी आहे.

आमची वस्ती सक्करदऱ्याच्या तलावामागं. घरं सगळी बौद्धांची, ज्यांच्या आईबापांनी दीक्षाभूमीवर उभं राहून धम्म घेतला त्यांची. बाबा गिरणीत होते, छातीत कापूस साचून गेले. गिरणीच्या डॉक्टरनं कागदावर बिडीचं कारण लिहिलं. माय जवळच्या मिशनच्या दवाखान्यात आया होती. माझा मोठा भाऊ, दादा, आयटीआयमधून फिटर होऊन निघाला आणि कळमेश्वरच्या कारखान्यांची फाटकं पाहत हिंडला. तिथं आधी काम विचारायचे, मग आडनाव विचारायचे, मग जागा भरली म्हणायचे. शेवटी मुंबईतल्या एका नातेवाईकाच्या ओळखीनं तो मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागला.

आता आमच्या वस्तीचं शहाणपण ऐका. जहाजाची नोकरी म्हणजे मुंबईची नोकरी. कोणी विचारलं की माय सांगायची, "पोट्टा बंबईले हाय." तिच्या डोक्यात जहाज म्हणजे पाण्याच्या काठावर बांधलेला कारखाना. सकाळी पोट्टे आत जातात, भोंगा झाला की बाहेर येतात, खोलीवर भात टाकतात. शेजारणीही तसंच धरून चालायच्या. समुद्र मधात कोणी आणतच नव्हतं. मला कळत होतं. पण "बंबई" म्हटलं की मायचा जीव थाऱ्यावर असायचा, तो उगाच कशाला हलवायचा?

त्या दवाखान्यात एक आयरिश नन होती. म्हातारी, उंच, चालताना जमीन हलते आहे असं पाय टाकणारी. आम्ही तिला सिस्टरबाई म्हणायचो. तरुणपणीच तिला इकडं पाठवलं आणि ती परत गेलीच नाही. तिच्या काळात ननला घरी जायची मुभा नव्हती, आईबाप मेले तरी नाही. हे ऐकून मी पेटले. यावर पत्रक काढू म्हटलं. ती म्हणाली, "कोनाच्या नावानं काढशीन वं? देवाच्या?"

मराठी तिची आमचीच, पेशंटांकडून शिकलेली. "अबे, जखमेले माती काहून लावून राहिला?" असं ती गोरी बाई खेकसली की नवा माणूस खाटेवरून उठून बसायचा.

पट्ट्या गुंडाळताना ती गायची. मी मायचा डबा घेऊन दुपारी जायची आणि सिस्टरबाईच्या टेबलाशी बसून आमच्या निवेदनांचं इंग्रजी तिच्याकडून तपासून घ्यायची. तिथं ती गाणी माझ्या कानात गेली. सुरुवातीला वाटलं, येशूची भजनं असतील.

"भजन?" ती हसली. "फादरनं अर्थ ऐकला तं मले हाकलून देईन."

गाणी दर्यावरची होती. तिचं गाव आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, पुढं अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी. बाप आणि काका लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर माखलेलं कापड ताणून होड्या करायचे आणि त्यातून मासे धरायला जायचे. पोहता एकालाही येत नव्हतं. कोणी शिकायचंही नाही. पोहणाऱ्याला बुडायला वेळ लागतो, एवढाच फरक, असं ते म्हणायचे. तिचा आजा मोठ्या शिडाच्या जहाजांवर होता. गाणी त्याची आणि किनाऱ्यावर राहिलेल्या बायांची.

गाणी दोन तऱ्हेची, हे तिनं मला नीट सांगितलं. एक कामाची. शीड चढवायचं, दोर ओढायचा, तर एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी पालुपदावर एकदम जोर लावायचा. ओळ म्हणणारा त्यात वाटेल ते घालायचा. कप्तान चिक्कू आहे, पावात अळ्या आहेत, मुकादमाची बायको दुसऱ्याबरोबर पळाली. जे गाण्यात म्हटलं त्याला शिक्षा नव्हती. मला तर घबाडच मिळालं! मोर्च्यात आम्ही त्याच त्याच चार घोषणा देऊन पोलिसांनाही पाठ करून टाकल्या होत्या.

दुसरी गाणी बसून म्हणायची. वाद्य नाही, ताल नाही, डोळे मिटून, शेजारच्यानं गाणाऱ्याचा हात हातात धरायचा आणि हळूहळू फिरवत राहायचा. त्यात बुडालेली माणसं असतात. एक बाई समुद्राला म्हणते, नवरा ठेव, त्याचा सदरा तरी दे, शिवण माझी आहे. दुसऱ्या एकात दुष्काळात घर सोडून जहाजात कोंबलेली माणसं आहेत. त्याच बंदरातून इंग्रजांची धान्याची जहाजं भरून चालली होती आणि त्याच धक्क्यावरून उपाशी माणसं चढत होती. हे मी तिला तीनदा विचारून खात्री करून घेतलं. मला माझ्या आज्याच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटत होतं.

माय तिथंच फरशी पुसत असायची. तिला शब्द कळत नव्हते. म्हणायची, "बाईचं गानं बेस हाय. हात आपोआप चालते."

एका दुपारी निवेदन तपासून झालं आणि मी सहज बोलून गेले, "सिस्टरबाई, हे सगळं दादाले ऐकवाले पायजे. तो आता कुठल्या समुद्रात असंन कोनाले माहीत."

तिच्या हातातली पट्टी सुटली, फरशीवर उलगडत गेली.

"कोन दादा? तो तं बंबईले हाय ना?"

मी सांगितलं. ती उठली, दार लावलं, खाली बसली. चेहरा पट्टीसारखाच पांढरा. तिच्या गावात रीत अशी की घरचा माणूस पाण्यावर असेल तर त्या घरच्या बाईच्या कानावर बुडालेल्याचं गाणं पडू द्यायचं नाही. कोणी गाऊ लागलं आणि तशी बाई दारात आली तर गाणारा ओळ अर्धी सोडतो. आणि हिनं माझ्या मायच्या डोक्यावर वर्षभर तीच गाणी ओतली होती.

"सिस्टरबाई, ही तं अंधश्रद्धा झाली," मी म्हटलं. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातली मी. शकुन-अपशकुन आमच्याकडे उंबऱ्याच्या आत येत नाहीत.

"अंधश्रद्धा तं अंधश्रद्धा. तू त्या किनाऱ्यावर उभी राहून पाय, मंग सांग मले."

त्या दिवसापासून तिनं गाणं बंद केलं. आणि इथंच घोटाळा झाला. पावसाळा सरल्यापासून दादाचं पत्र नव्हतं. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात मी ट्रंककॉल लावला, तर पलीकडचा साहेब म्हणाला की जहाज दुसऱ्या मालकाला विकलं, आता आमचा संबंध नाही. माणसांसकट विकलं का, विचारलं, तर फोन ठेवला. हे मी मायला सांगितलं नव्हतं. पण मायला पत्र नाही एवढं कळत होतं, आणि त्यात सिस्टरबाई गायची थांबली.

"तिले काही मालूम हाय," माय घरी येऊन म्हणाली. ताटातला घास ताटातच. "गोऱ्या लोकायले आधी कळते. माया तोंडाकडं पाहत नाही ती आता. काहून पाहत नाही?"

"अवं माय, तिचा घसा बसला."

"घसा बसला तं खोकलते मानूस. ती खोकलत बी नाही."

माय वाळायला लागली. दवाखान्यात वेळेवर जायची, पुसायची, धुवायची, परत यायची. जेवायला बसली की उठायची. मी आठ दिवसांनी सिस्टरबाईसमोर जाऊन उभी राहिले आणि सरळ सांगितलं, "काही बी गा. नाही तं तुमच्या रितीपायी मायी माय जाईन."

ती म्हणाली, एक गाणं आहे. परतीचं. जहाज घरच्या दिशेनं वळलं आणि वारा चांगला लागला की खलाशी म्हणायचे, आपल्या बायांनी दोर धरला बघा, त्या ओढून राहिल्या. ते गाणं बायाही म्हणायच्या, किनाऱ्यावर होड्या वर ओढताना. "पन हातात दोर पायजे. रिकाम्या हातानं ते म्हनत नाहीत. ज्याले ओढायचं नाही त्यानं ते म्हनू नये."

दोर आमच्याकडं होता. नगरपालिकेची महानगरपालिका झाली तरी आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावरच्या एकुलत्या नळाला पाणी आलं नव्हतं, म्हणून अख्खी वस्ती सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायची. विहीर खोल, उन्हाळ्याच्या तोंडाला तर तळ दिसायचा. बादली नव्हे, मोठा डबा लावायचा आणि तिघी-चौघींनी मिळून ओढायचा.

सिस्टरबाई रविवारी दुपारी आली. पांढरा झगा कमरेला खोचला आणि दोराला हात घातला. बाया तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

"सिस्टरबाई, तुमी दवाई द्या, पानी आमी काढतो."

"तुमी गप राहा वं. सुईले भेतात आन मले शिकवतात."

तिनं तिची ओळ तिच्या भाषेत म्हटली, आणि पालुपदावर सगळ्यांनी ओढायचं हे हातानं दाखवलं. दोन डब्यांत बायांना जमलं. तिसऱ्या डब्याला मी ओळी मराठीत घातल्या, कारण ओळ म्हणणारा वाटेल ते म्हणू शकतो हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"साहेबाच्या बागेत कारंजं वं..."

"ओढ, माय, ओढ!"

"आमच्या नळाले कोळ्याचं जाळं वं..."

"ओढ, माय, ओढ!"

हसून हसून डबा अर्धा सांडला. पण वर येताना असा आला की जसा कोणी खालून लोटला. मग रोज तेच. नगरसेवकाचं पोट, इंजिनिअरची जीप, निवडणुकीतली आश्वासनं, सगळं त्या विहिरीतून वर निघालं. पुढं पालिकेच्या दारात आम्ही हेच गाणं म्हटलं, रिकामे डबे आणि दोर घेऊन. नळ आला. तो कसा आला, किती जणींना पोलिसांनी गाडीत घातलं, ते मी दुसरीकडं लिहिलेलं आहे.

मला सांगायचं आहे ते मायबद्दल. माय पहिल्या दिवसापासून दोराला असायची. ओढायची, पण तोंड उघडायची नाही. गाणं कशाचं आहे ते सिस्टरबाईनं तिला बाजूला बसवून सांगितलं होतं, दोघी बराच वेळ विहिरीच्या कट्ट्यावर होत्या. काय बोलल्या मला माहीत नाही. एका सकाळी ओळ सुरू करायच्या आधी मी डबा बांधत होते, आणि मागून आवाज आला. खरखरीत, बेसूर.

"माया पोट्टा पान्यावर हाय वं..."

कोणी पालुपद म्हटलंच नाही. सगळ्या जणी तिच्याकडं पाहायला लागल्या. बंबईले नाही, पाण्यावर. वस्तीत हे पहिल्यांदा कोणी मोठ्यानं म्हटलं होतं. मायनं पुन्हा म्हटलं, जरा रागानं, आणि मग शेजारणीनं जोरानं ओढलं. "ओढ, माय, ओढ!" त्यानंतर माझे नगरसेवक-इंजिनिअर संपल्यावर शेवटचा डबा नेहमी दादाचा असायचा.

नळ आल्यावर बाया विहिरीवर यायच्या थांबल्या. का येतील? त्यासाठीच तर लढलो. माय मात्र एक छोटी बादली घेऊन जायची, एकटी. मी म्हटलं, "माय, दारात नळ आला, आता काहून?" ती म्हणाली, "तुया नळातून काय येते? पानी. बस." मी भांडले नाही. खरं तर मला तिच्याबरोबर जावंसं वाटायचं आणि जायची भीती वाटायची. विहिरीच्या तळाशी ते गोल, काळं पाणी दिसायचं, आणि त्यापेक्षा मोठं पाणी कसं असतं याचा विचार सुरू व्हायचा. ते थांबायचं नाही. दादा लहानपणी मला खांद्यावर घेऊन तलावाला फिरवायचा. त्या तलावाचा दुसरा काठ दिसतो. दुसरा काठ न दिसणारं पाणी मनात आणायचं तर कुठून आणायचं?

वैशाखातल्या एका भर दुपारी दादा आला. काळा पडलेला, गालफडं बसलेली, हातात पत्र्याची ट्रंक. दारात माझ्या पोस्टरच्या काठ्या वाळत होत्या, त्या बाजूला सारून म्हणाला, "काय वं, अजून तुयी क्रांती नाही झाली?" माय चुलीपुढं होती. तिनं मान वळवली, त्याच्याकडं पाहिलं, आणि पहिलं काय केलं तर भाकरी उलटली. करपत होती. मग उठली.

पत्रं त्यानं लिहिली होती. जहाजाच्या नव्या मालकाचा माणूस ती बंदरात घ्यायचा आणि टाकायचा नाही. नोकरीबद्दल खलाशी घरी काही कळवतील याची धास्ती. मी पत्रक लिहायला कागद ओढला. दादानं तो काढून घेतला. "आधी जेवू दे."

गाण्याचं सांगितलं तर तो पोट धरून हसला. "जहाजावर गानं? बाप्पा! तिथं दोर विंचची मशीन ओढते. आमी दिवसभर गंज खरडतो. ठक ठक ठक ठक. हेच गानं." हसता हसता मायकडं लक्ष गेलं आणि तो थांबला. मग उठून तिच्या हाताचे घट्टे पाहिले, दोराचे.

दुसऱ्या दिवशी माय आणि मी त्याला सिस्टरबाईकडं घेऊन गेलो. दवाखान्याच्या ओसरीवर तिनं चहा केला. इकडचं तिकडचं झालं आणि दादा म्हणाला, "सिस्टर, तुमच्या देशाजवळून गेलो मी. एका बंदरात दोन दिवस उभे होतो."

कप खाली ठेवायला तिला जागा सापडेना.

"उतरला?"

"उतरू नाही दिलं. गोरे अधिकारी उतरले. आमच्यासाठी पास नव्हता. आमी कठड्यावरून पाहिलं."

मी उसळले. हा कोणता न्याय, ज्यांनी जहाज तिथवर नेलं त्यांनाच जमिनीवर पाय टाकायची बंदी, हे तर कळमेश्वरच्या फाटकाहून... सिस्टरबाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला.

"काय दिसलं?" तिनं दादाला विचारलं.

"हिरवं. लय हिरवं. पाऊस बारीक. एक बाई कपडे वाळत घालून राहिली होती, पाऊस असून. वाऱ्यानं सगळे आडवे." दादा आठवत होता. "आन धूर. घराघरातून. पन लाकडाचा नव्हता. कसा सांगू... माती जळल्यावानी वास."

"मातीच जाळतात," सिस्टरबाई म्हणाली. "आमच्याकडे झाडं कुठं? दलदलीतली माती कापायची, वाळवायची, चुलीत घालायची. माय मायी..." पुढं मराठी आली नाही. इंग्रजीही आलं नाही. तिनं दादाचा हात हातात घेतला आणि तो हळूहळू गोल फिरवत राहिली. गात तर कोणीच नव्हतं. माय उठली आणि तिच्या मागं जाऊन उभी राहिली.

दादा पावसाळा घरी राहिला. माय त्याला ताटात वाढत जायची आणि तो राहील असं धरून चालली होती. मी पालिकेच्या पाणी खात्यात फिटरच्या जागेसाठी त्याच्या नावानं अर्ज दिला, नळाच्या लढ्यामुळं तिथले लोक मला आता घाबरत होते. बोलावणंही आलं. दादा गेला नाही. दिवसभर ओट्यावर बसायचा. खाट हलत नाही म्हणून झोप येत नाही, म्हणायचा. मी विचारलं, "काहून गा? तिथं काय हाय? गंज खरडनं?" तो म्हणाला, "मले नाही सांगता येत. इथं जिकडं पाहिलं तिकडं भिंत आडवी येते." मला राग आला. मी कशावरही लिहू शकते, पण कोणाच्या विरुद्ध ते ठरल्याशिवाय माझ्याच्यानं एक ओळ निघत नाही. इथं कोणाचं नाव वर घालणार होते?

त्यानं नव्या जहाजावर सही केली. मायला कळलं त्या दिवशी ती रडली नाही, भांडली नाही. दवाखान्यात गेली आणि सिस्टरबाईला विचारून आली की तुमच्या गावात माणूस निघतो त्या दिवशी बाया काय करतात. बाया पोचवायला जात नाहीत, सिस्टरबाईनं सांगितलं. मागून हाक नाही, हात हलवणं नाही, पाठमोऱ्या माणसाकडं पाहणंही नाही. रोजचं काम करतात. तो परत येणारच आहे, मग निरोप कशाचा?

तर निघायच्या दिवशी माय सकाळी कामावर गेली. दादाच्या अंघोळीचं पाणी ठेवलं, डबा बांधला, आणि "येतो" म्हणायच्या आधीच रस्त्याला लागली. स्टेशनावर पोचवायला मी होते. सायकलरिक्षा केला, ट्रंक पायात घेतली. रस्ता दवाखान्यावरूनच जातो.

ओसरीवर माय आमच्याकडं पाठ करून औषधाच्या बाटल्या धूत होती. शेजारी सिस्टरबाई, तिचीही पाठ रस्त्याकडं. रिक्षाच्या घंटीचा आवाज दोघींनाही ऐकू गेला असणार, कारण मायचा हात बाटलीवर तसाच राहिला. मी तोंड उघडलं.

"हाक नको मारू," दादा म्हणाला. रिक्षावाल्याला म्हणाला, "हळू घे गा जरा. पन थांबू नको."

रिक्षा हळू चालला. दादा समोर बघत होता, त्या दोघी भिंतीकडं बघत होत्या. तिघांकडंही बघायला मी एकटीच होते.